पगारपत्रकातील वाहन : वेतनकपातीपासून वेतनत्यागापर्यंत
(वाटूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : वेतनकपात, पगारदारांची पतसंस्था, वाहन अग्रिम, भाडेपट्टा, विजेवरील मोटार, मराठवाडा

प्रास्ताविक

जालना-मंठा मार्गावर, जालना शहरापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर वाटूर फाटा लागतो. येथून परतूरकडे रस्ता फुटतो. सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास आणि सायंकाळी ती सुटल्यावर या फाट्यावर जी माणसे उतरतात, चढतात किंवा गाडी वळवतात, त्यांत पगारदार माणूस ओळखू येतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवक, बँकेचा रोखपाल अशी ही मंडळी. त्यांच्याखालील वाहन बदलत गेले; प्रथम सायकल, मग लुना, मग मोटारसायकल आणि अलीकडे मोटार. या वाहनांच्या किमती मात्र बहुतांशी एकाच मार्गाने फेडल्या गेल्या. तो मार्ग म्हणजे पगारपत्रकातील कपातीचा रकाना.

गेल्या काही वर्षांत मोठ्या खासगी कंपन्यांत एक नवी पद्धत रुजली आहे. कर्मचारी आपल्या पगारातील काही रक्कम आधीच सोडून देतो. त्या रकमेतून मालक-कंपनी त्याच्यासाठी भाडेपट्ट्याने मोटार घेते, आणि ती मोटार आता पुष्कळदा विजेवर चालणारी असते. इंग्लंडात या व्यवहाराला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘वेतनत्याग’ असा होतो. शब्द काहीसा फसवा आहे. त्यात कर्मचारी फारसे काही त्यागत नाही. त्यागते ती सरकारी तिजोरी. तथापि संज्ञा रूढ असल्याने प्रस्तुत लेखात तीच वापरली आहे.

ही पद्धत वरवर पाहता नवी व परकी वाटते. परंतु ‘पगार हातात पडण्यापूर्वीच त्यातून वाहन’ ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. तिचा इतिहास पाहिला असता जुन्या व नव्या पद्धतीतील साम्यापेक्षा त्यांतील फरकच अधिक महत्त्वाचा ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वपीठिका : निजामी राजवट

वाटूरचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. परतूर तालुका त्या वेळी आणि त्यानंतरही दीर्घकाळ परभणी जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा तो त्यात आला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला व परतूरला स्थानक मिळाले. मोटार रस्त्याने प्रवासी वाहतूक मात्र बरीच उशिरा सुरू झाली. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी आपला रस्ता-वाहतूक विभाग काढला. त्याचा लाभ प्रथम मोठ्या गावांनाच झाला. फाट्यापासून आत असलेल्या खेड्यांत जाणारा सरकारी नोकर पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने जाई.

या नोकराला उसनवारी करावयाची झाल्यास दार एकच, सावकाराचे. मराठवाड्यात स्थानिक सावकारांच्या जोडीला रोहिले सावकारही होते आणि पगाराच्या दिवशी दारात उभे राहणे ही त्यांची वसुलीची रीत जुन्या पिढीच्या स्मरणात होती. कायद्याने यावर दोन बाजूंनी उपाय शोधला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने त्याच धर्तीवर १३२३ फसली, म्हणजे १९१४ च्या सुमारास, आपला कायदा केला. पुढे १३४९ फसलीत सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदाही झाला. सहकाराचा मुख्य रोख शेतकऱ्यावर होता हे खरे. परंतु पगारदाराच्या बाबतीत सहकाराला एक सोय आपोआप लाभली. शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून, तर पगारदाराचे उत्पन्न महिन्याच्या ठरल्या दिवशी एकाच कचेरीतून निघणारे. वसुली त्या कचेरीतच झाली की सावकाराला दारात उभे राहण्याचे कारण उरत नाही.

कलम ४९ आणि जामीनदार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. या दोन घटनांचा एकत्रित परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोठा आहे. जिल्हा परिषदेमुळे खेडोपाडी शिक्षकांचा एक मोठा, नियमित पगार घेणारा वर्ग उभा राहिला. आणि सहकार कायद्याच्या कलम ४९ ने त्या पगाराला कर्जाचे तारण बनवले.

या कलमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. सभासद संस्थेला लेखी करार करून देतो की, माझ्या पगारातून हप्ता कापण्यास माझ्या मालकास अधिकार राहील. संस्थेने मागणीपत्र पाठविले की मालकाने ती रक्कम कापून संस्थेकडे भरणे बंधनकारक होते. त्याने कसूर केल्यास तो व्यक्तिशः जबाबदार धरला जातो. म्हणजे सभासद आणि संस्था यांच्यातील खासगी व्यवहारात कायद्याने मुख्याध्यापकाला, गटशिक्षणाधिकाऱ्याला, प्राचार्याला वसुली-कारकून बनवले. कारखान्यांतील कामगारांपुरता हाच विचार १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होता. तेथे सहकारी संस्थांचे हप्ते धरून एकूण कपात वेतनाच्या पाऊण हिश्श्यापर्यंत आणि इतर बाबतींत निम्म्यापर्यंतच करता येई. सहकाराला दिलेली ही पाव हिश्श्याची जादा सवलत तत्कालीन राज्यकर्त्यांचा सहकारावरील विश्वास दाखविते, आणि पगारदाराच्या घरखर्चाबद्दलची बेफिकिरीही.

कायद्याच्या पुस्तकात जे नाही, ते व्यवहारात होते : जामीनदार. पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज सामान्यतः दोन सहकारी सभासदांच्या जामिनावर मिळे. शिक्षकी पेशात वावरलेल्या कोणालाही हे चित्र परिचयाचे आहे. अर्जावर सही मागायला येणारा सहकारी, ‘मागच्या वेळी मी तुम्हाला राहिलो होतो’ ही आठवण, आणि नाही म्हणण्यातला संकोच. कर्जदाराची बदली झाली, तो निलंबित झाला किंवा दगावला, तर हप्ता जामीनदाराच्या पगारातून कापला जाई. अशा कपातीने शाळाशाळांत कायमचे अबोले धरल्याची उदाहरणे मराठवाड्यात दुर्मीळ नाहीत. तरीही ही पद्धत टिकली. ज्याचे तारण फक्त नोकरी आहे, त्याची पत कोण ठरवणार, याचे उत्तर तिच्याकडे होते. ते उत्तर असे : त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा माणूस. वार्षिक सभेत व्याजदरावर भांडण्याचा, संचालक निवडण्याचा आणि पाडण्याचा, लाभांश घेण्याचा हक्क कर्जदारालाच होता. हप्ता कापला जाणारा आणि हप्ता ठरविणारा माणूस येथे तत्त्वतः एकच होता.

शासनाचीही स्वतंत्र व्यवस्था होती. मुंबई वित्तीय नियम, १९५९ यांत कर्मचाऱ्यास वाहन खरेदीसाठी अग्रिम देण्याची तरतूद आहे. अग्रिमाची वसुली मासिक हप्त्यांनी पगारातून, आधी मुद्दल आणि मग व्याज अशा क्रमाने होते, आणि मोटार वाहन तोवर शासनाकडे गहाण राहते. मुद्दल आधी फिटल्याने व्याजाचा भार किती हलका होतो, हे बँकेच्या हप्त्याशी तुलना केल्यावरच ध्यानात येते. मात्र अग्रिमासाठीची तरतूद नेहमीच अपुरी असे, व प्रतीक्षायादीत थांबलेला कर्मचारी अखेर पतसंस्थेकडेच वळे.

सायकल, लुना आणि ‘अप-डाउन’

पगारपत्रकातून आलेल्या वाहनांचा क्रम हा त्या त्या काळच्या औद्योगिक धोरणाचाही आरसा आहे. १९५० च्या दशकात सोनीपत व लुधियानाच्या कारखान्यांमुळे सायकल देशी झाली. १९७० च्या दशकात स्कूटर हवी असणाऱ्याला नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परवाना-पद्धतीत उत्पादनच मर्यादित होते. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने काढलेली लुना त्यामुळे खालच्या व मध्यम पगारदाराला मोठीच सोय वाटली. ती हलकी होती, तिची किंमत पतसंस्थेच्या कर्जमर्यादेत बसत होती आणि पेट्रोल संपले तर तिला पायडल मारता येत होते. उदारीकरणानंतर मोटारसायकल दुकानात मांडलेली मिळू लागली व लुना मागे पडली. (तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे.)

वाहनाने शिक्षकाचे जीवन बदलले, त्याहून अधिक खेड्याचे बदलले. पूर्वी शिक्षक गावात बिऱ्हाड करून राहत असे. संध्याकाळी पारावर बसे, पत्रे वाचून दाखवी, अर्ज लिहून देई. हप्त्यावरील दुचाकीने त्याला जालना किंवा परतूर येथे राहून रोज ये-जा करण्याची मुभा दिली. मराठवाड्याच्या बोलीत ‘अप-डाउन’ हा शब्द तेव्हापासून पक्का झाला. शासन मुख्यालयी राहण्याची अट घालत राहिले, घरभाडे भत्त्यावरून वाद होत राहिले. अट आणि दुचाकी यांत दुचाकी जिंकली. शिक्षकाच्या मुलांना शहरातली शाळा मिळाली, ही यातील जमेची बाजू. गावाने काय गमावले याचा हिशेब कोणत्याही पगारपत्रकात मांडलेला नाही. वाटूर फाट्यावर सकाळी दिसणारी वर्दळ ही या दीर्घ बदलाचीच दृश्य खूण आहे.

कपात आणि त्याग : भेद कोठे आहे

आता नव्या पद्धतीकडे वळू. पतसंस्थेच्या हप्त्यात पगार आधी मिळालेला मानला जातो, त्यावर प्राप्तिकर आकारला जातो आणि मग हप्ता कापला जातो. वेतनत्यागात पगारच आधी कमी ठरवला जातो आणि त्याच्या बदल्यात वापरण्यास मोटार मिळते. मोटार कर्मचाऱ्याच्या मालकीची नसते. ती भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीची असते. मुदत संपल्यावर उरलेल्या किमतीस ती विकत घेता येते किंवा परत करता येते.

भारतात या व्यवहाराचा पाया प्राप्तिकर नियम, १९६२ मधील नियम ३ मध्ये होता. मालकाने दिलेल्या मोटारीचे कर्मचाऱ्याच्या हातातील मूल्य किती धरावे, हे तो ठरवीत असे. २००५ ते २००९ या काळात अनुषंगिक लाभ कर होता व तो मालकावर पडे. तो रद्द झाल्यावर २००९ मध्ये हे मूल्य, कामासाठी व घरगुती अशा दोन्ही वापराच्या मोटारीकरिता, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनास दरमहा १,८०० रुपये व त्यावरील इंजिनास २,४०० रुपये असे ठरले. चालक असल्यास ९०० रुपये अधिक. विजेच्या मोटारीला इंजिनच नाही, तेव्हा तिची घनक्षमता मोजायची कशी, हा प्रश्न नियम करणाऱ्यांसमोर तेव्हा नव्हता.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मोटारीचे भाडे दरमहा ३०,००० रुपये आहे. कर्मचारी ३० टक्क्यांच्या टप्प्यात असल्यास, उपकर धरून, त्याचा ९,३६० रुपयांचा कर वाचतो, आणि १,८०० रुपयांवर सुमारे ५६० रुपये द्यावा लागतो. निव्वळ बचत सुमारे ८,८०० रुपये. तीच मोटार ५ टक्क्यांच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याने घेतली तर बचत १,५०० रुपयांच्याही आत राहते. ज्याला करच लागत नाही त्याची बचत शून्य. पतसंस्थेचा व्याजदर मात्र मुख्याध्यापकाला आणि शिपायाला एकच असे. जुन्या व नव्या पद्धतीतील पहिला भेद हा आहे.

दुसरा भेद निवृत्तिवेतनाचा. पतसंस्थेच्या कपातीने मूळ वेतन कमी होत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्याला परिभाषित अंशदान योजना लागू झाली. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के अंशदान कापले जाई. कर्ज कितीही असो, हा पाया अबाधित राहिला. वेतनत्यागात मात्र सोडलेली रक्कम कोणत्या घटकातून सोडली, यावर भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा पाया अवलंबून राहतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत अनेक मराठी डॉक्टर आहेत. तेथेही मोटारीसाठी सोडलेल्या वेतनाने निवृत्तिवेतनास पात्र वेतन घटते, आणि तरुण डॉक्टरला ही बाब बहुधा मोटार दारात आल्यावर कळते. तेथे २०१७ मध्ये वेतनत्यागावरील बहुतेक करसवलती काढून घेण्यात आल्या, पण अत्यल्प उत्सर्जनाच्या मोटारी त्यातून वगळल्या. एप्रिल २०२० मध्ये विजेच्या मोटारीच्या लाभाचे करपात्र प्रमाण शून्य टक्के केले गेले. २०२२-२३ पासून तीन वर्षे ते २ टक्के आणि २०२५-२६ मध्ये ३ टक्के झाले. तेथील भरभराट या आकड्यांत आहे. मात्र त्याग करून वेतन किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, ही तेथील अट कमी पगाराच्या कर्मचाऱ्याला दारातच अडवते.

भारतात वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली व १९३६ चा कायदा मागे पडला. एकूण कपातीची मर्यादा आता वेतनाच्या निम्म्यावर आली आहे. ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याही बदलली असून, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. वेतनाची फोड करून मोटार काढण्याच्या पद्धतीला यामुळे काही चाप बसेल. तसेच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याने १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरवली. वर दिलेले आकडे त्यामुळे इतिहासाचे आहेत, सल्ल्याचे नव्हेत.

विजेची मोटार आणि मराठवाडा

विजेच्या मोटारीला भारतात भाडेपट्ट्याची साथ आरंभापासून आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या ‘ईईएसएल’ या सार्वजनिक कंपनीने १०,००० विद्युत मोटारींसाठी निविदा काढून टाटा व महिंद्रा यांना काम दिले. त्या सरकारी कचेऱ्यांना मासिक भाड्याने द्यावयाच्या होत्या. म्हणजे साहेबाच्या दाराशी विजेची मोटार भाडेपट्ट्यानेच आली. साहेबाच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याला तशी सोय मिळाली नाही, कारण वेतन आयोगाने ठरविलेल्या वेतनश्रेणीत आपला पगार सोडून देण्याचा विकल्पच नसतो.

त्याच्यासाठी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जावरील व्याजाची, वार्षिक दीड लाख रुपयांपर्यंतची, वजावट प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-ईईबी मध्ये होती. पण हे कर्ज बँकेचे किंवा ठरावीक बँकेतर वित्तीय कंपनीचे असणे आवश्यक होते. पगारदारांची पतसंस्था बँक नव्हे. परिणामी ज्या संस्थेने या भागातील सायकल, लुना आणि मोटारसायकल उभी केली, तिच्याकडून विजेच्या मोटारीसाठी कर्ज घेणाऱ्याला ही सवलत नव्हती. ही वगळणूक हेतुपुरस्सर होती असे म्हणता येणार नाही. व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पतसंस्था नव्हतीच, आणि ते अधिक बोलके आहे.

मराठवाड्याला एकत्र येऊन मोटार घेण्याचेही वावडे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्रितपणे दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या आणि त्याची चर्चा देशभर झाली. २०२२ मध्ये त्याच शहरात ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने सुमारे अडीचशे विद्युत मोटारींच्या सामूहिक खरेदीचा उपक्रम हाती घेण्यात आला. सामूहिक सौद्याने किंमत व व्याज कमी करून घेणे हे पतसंस्थेचेच तत्त्व होय. फरक एवढाच की येथे सभासद उद्योजक होते.

वाटूरसारख्या ठिकाणी आणखी एक विचार येतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण मराठवाड्याने दीर्घ भारनियमन सोसले. त्या अनुभवातून गेलेला माणूस विजेवर अवलंबून राहण्यास कचरला तर त्याला मागासलेपणा म्हणता येत नाही. रोजच्या ठरावीक अंतराच्या ये-जेला विजेची मोटार खरे तर सोयीची, आणि जालन्याहून येणाऱ्या शिक्षकाचे अंतर रोज तेवढेच असते. परंतु ती घेण्यासाठी लागणारी पत कोणाकडे आहे, हा प्रश्न शेवटी पगारपत्रकापाशीच येऊन थांबतो.

पगारपत्रकात नाव असणाऱ्यांचीच संख्या घटत आहे. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक याचे सर्वांत जवळचे उदाहरण. त्यांचे मानधन तासांवर ठरते, महिनोन्महिने थकते, सुटीत बंद होते. त्यांना पतसंस्थेचे सभासदत्व नाही, कलम ४९ ची कपात नाही, सोडून देण्याजोगे वेतन नाही आणि कोणी जामीन राहावे तर तारण म्हणून नोकरीही नाही. वाटूर फाट्यावर आजही सकाळी बसची वाट पाहत थांबणाऱ्यांत हे अध्यापक असतात. त्यांच्याच विषयाचा कायम प्राध्यापक त्यांच्यासमोरून मोटार वळवून परतूरच्या दिशेने जातो. कधी थांबतो, आणि त्यांना आत घेतो.